सुई, दोरा आणि तेरा पट्टे

यंदा, म्हणजे ४ जुलै २०२६ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत. त्या निमित्तानं तिथल्या वसाहतकाळातल्या आणि क्रांतिकाळातल्या झेंड्यांबद्दल गेल्या अंकात तुमच्याकडून प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण निवडलेल्या पत्रांत बाकीच्यांच्या बऱ्याच शंका येऊन जातात.

माझी ओळख नव्या वाचकांसाठी एका ओळीत: मी आयुष्यभर जुन्या कापडांच्या जतनाचं काम केलं. शेले, पटके, अंगरखे, निशाणं. त्यामुळे झेंडा समोर आला की माझी नजर आधी शिवणीवर जाते. हा कोणी सांगितला, कोणी शिवला, पैसे कोणी मोजले, हे मला पहिल्यांदा कळायला हवं असतं. पुढच्या उत्तरांत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतील.

बाई, बेट्सी रॉसनं अमेरिकेचा पहिला झेंडा शिवला असं आम्ही वर्गात सांगत आलो. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या नातवानं कागदाची घडी घालून कात्रीच्या एकाच कापात पाच टोकांची चांदणी करून दाखवली आणि ‘ही बेट्सीची युक्ती’ म्हणाला. यातलं खरं किती?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

नातवाची चांदणी खरी. कागद अशा तिरप्या घड्यांनी दुमडायचा की मधल्या बिंदूभोवती दहा सारखे थर एकावर एक येतील. मग एक तिरका काप. उलगडलं की पाच टोकं. कापडावरही हे जमतं, मात्र कात्रीला धार हवी आणि कापड हलता कामा नये. ज्याचा हात बेतायला बसलाय त्यालाच हे सुचणार, म्हणून मला ही युक्ती फार आवडते.

बेट्सीही खरी. माहेरची एलिझाबेथ ग्रिस्कम, जन्म १७५२, घराणं क्वेकर पंथाचं. पंथाबाहेरच्या जॉन रॉसशी लग्न केलं म्हणून पंथानं तिला वाळीत टाकलं. नवरा-बायको फिलाडेल्फियात गाद्या, पडदे, खुर्च्या मढवण्याचं काम करत. जानेवारी १७७६मध्ये जॉन वारला आणि ऐन लढाईच्या दिवसांत दुकान तिच्या एकटीवर आलं.

गोष्ट अशी सांगतात: १७७६च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वतः जनरल वॉशिंग्टन, रॉबर्ट मॉरिस हे बडे व्यापारी आणि बेट्सीचे चुलत सासरे जॉर्ज रॉस तिच्याकडे आले. त्यांच्या हातातल्या रेखाटनात सहा टोकांच्या चांदण्या होत्या. तिनं पाच टोकं सुचवली, घडी घातली, काप दिला आणि झेंड्याचं काम तिला मिळालं.

ही गोष्ट पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली गेली १८७०मध्ये. सांगणारा तिचा नातू, विल्यम कॅन्बी. आजी वारली १८३६मध्ये, तेव्हा तो ११ वर्षांचा होता. घरातल्या बायकांनीही शपथेवर लिहून दिलं की आजी असं सांगायची. पण वॉशिंग्टनच्या किंवा काँग्रेसच्या, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेच्या, कागदांत त्या भेटीचा उल्लेख नाही. म्हणून मी ती घरात जपलेली आठवण मानते. वर्गात शिकवताना ‘असं त्यांच्या घरात सांगत’ म्हणून जरूर सांगा.

वर्गात मी तिच्याबद्दल दुसरीच गोष्ट आधी सांगेन. २९ मे १७७७ची पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाची नोंद: एलिझाबेथ रॉस हिला जहाजांची निशाणं केल्याबद्दल १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स. विशीतली विधवा, शहरावर इंग्रज चालून येण्याची धास्ती, आणि ही बाई सरकारी काम घेऊन, करून, दाम वसूल करते. पुढेही अनेक वर्षं ती झेंडे शिवत होती. मला या नोंदीतली बेट्सी गोष्टीतल्या बेट्सीपेक्षा मोठी वाटते.

आणि ती एकटी नव्हती. ‘आल्फ्रेड’ या जहाजासाठी १७७५च्या डिसेंबरात झेंडा तयार झाला, त्या हिशेबाच्या वहीत मार्गारेट मॅनीचं नाव येतं. फिलाडेल्फियात झेंडे शिवणारी रेबेका यंग होती. तिच्या मुलीचं नाव पुढे येणार आहे, लक्षात ठेवा. ‘पहिला झेंडा’ या दोन शब्दांच्या नादात या बायका पुसल्या जातात, याचं मला वाईट वाटतं.

आराखडा कोणाचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. न्यू जर्सीचे फ्रान्सिस हॉपकिन्सन, जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. मे १७८०मध्ये त्यांनी नौदल मंडळाला पत्र लिहिलं: झेंडा आणि इतर चिन्हांचे आराखडे मी करून दिले, त्याचा मोबदला म्हणून सरकारी वाइनचं एक पिंप द्यावं. दाद लागली नाही, तेव्हा रोख रकमेचं बिल लावलं. कोषागार मंडळानं तेही फेटाळलं. कारण दिलं की या कामात सल्ला देणारे ते एकटे नव्हते आणि सरकारी पगार तर ते घेतच होते. पैसे मिळाले नाहीत, पण या मागणीमुळे त्यांचं नाव कागदावर राहिलं. त्या काळात दुसऱ्या कोणी असा दावा लेखी केलेला नाही, म्हणून आराखड्याच्या श्रेयाचा पहिला मान मी हॉपकिन्सन यांनाच देते.

ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडा आणि अमेरिकेचा पहिला झेंडा अगदी सारखे दिसतात. आंग्र्यांच्या आरमारानं ज्या जहाजांशी झुंज घेतली त्यांच्यावर हेच लाल-पांढरे पट्टे होते ना? मग अमेरिकेनं कंपनीची नक्कल केली का? बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवला त्या जहाजांवरही हाच झेंडा असेल!
— वाचक, अलिबाग

शेवटून सुरुवात करते. १६ डिसेंबर १७७३च्या रात्री ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला. चहा कंपनीचा होता, पण ‘डार्टमथ’, ‘एलेनॉर’ आणि ‘बीव्हर’ ही तिन्ही जहाजं वसाहतीतल्याच व्यापाऱ्यांची होती. कंपनीचा माल भाड्यानं वाहणारी. त्यांच्यावर कंपनीचं निशाण असण्याचं कारण नाही.

दिसण्याबद्दल तुमचं निरीक्षण अचूक आहे. कंपनीच्या झेंड्यावर लाल-पांढरे आडवे पट्टे, काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात आधी इंग्लंडचा लाल क्रूस आणि १७०७मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर तिथे ‘युनियन’, म्हणजे दोन्ही देशांच्या क्रूसांचं एकत्र चिन्ह. पट्टे कधी नऊ, कधी तेरा, कधी पंधरा. १६६८पासून मुंबई कंपनीकडे होती, तेव्हा आपल्या किनाऱ्यानं हे पट्टे अमेरिकेच्या कितीतरी आधी पाहिले. आणि १७७५च्या शेवटी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी जो झेंडा उभारला त्यावरही तेरा लाल-पांढरे पट्टे आणि कोपऱ्यात युनियन. दोन्ही शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. चार्ल्स फॉसेट यांनी १९३७मध्ये या साम्यावर एक गाजलेला लेख लिहिला. तेव्हापासून हा वाद जिवंत आहे.

नक्कल होती असं मला मात्र वाटत नाही. कंपनीनं हा झेंडा सेंट हेलेना बेटाच्या पलीकडे, म्हणजे आपल्या बाजूच्या समुद्रात लावायचा, असा दंडक होता. फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर तो रोज दिसणारा नव्हता. अमेरिकेतले पुढारी बेंजामिन फ्रँकलिन आणि एका अनोळखी प्रोफेसरांनी जेवणाच्या टेबलावर हा झेंडा सुचवला अशीही एक कथा फिरते, पण ती १८९०च्या एका पुस्तकातून निघाली आहे. त्या प्रसंगाच्या काळातला एकही कागद तिच्या बाजूनं नाही.

शिवणाऱ्याच्या बाजूनं पाहा. त्या वेळी प्रत्येक इंग्रजी व्यापारी जहाजावर लाल निशाण असे: सगळं अंग लाल, कोपऱ्यात युनियन. अशा तयार लाल निशाणावर सहा पांढऱ्या पट्ट्या शिवल्या की सात लाल आणि सहा पांढरे, तेरा पट्टे झाले. नवं कापड थोडंच लागतं, वेळ वाचतो आणि अर्थही पोचतो: आम्ही तेरा एक आहोत, पण राजाशी नातं अजून तोडलेलं नाही. युद्धाच्या घाईत कोणताही कारागीर हाच रस्ता धरेल. शिवाय पट्टे वसाहतींत नवे नव्हते. फिलाडेल्फियाच्या घोडदळाच्या पिवळ्या रेशमी निशाणाच्या कोपऱ्यातही १७७५मध्येच तेरा पट्टे होते.

३ डिसेंबर १७७५ला ‘आल्फ्रेड’वर लेफ्टनंट जॉन पॉल जोन्सनं तो झेंडा आपल्या हातांनी चढवला. १ जानेवारी १७७६ला बॉस्टनजवळच्या प्रॉस्पेक्ट हिलवर, शहरातल्या इंग्रजांना वेढा घालून बसलेल्या वॉशिंग्टनच्या छावणीत झेंडा उभारला गेला. तो पट्ट्यांचाच होता की साधा ब्रिटिश युनियन होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्याचा परिणाम वॉशिंग्टननं स्वतः ४ जानेवारीच्या पत्रात लिहून ठेवला आहे. त्याच सुमारास राजाच्या भाषणाच्या प्रती वेढ्याच्या दोन्ही बाजूंना वाटल्या गेल्या होत्या. टेकडीवर युनियन पाहून बॉस्टनमधल्या इंग्रजांना वाटलं, भाषण वाचून हे लोक शरण आले! कोपऱ्यातला युनियन काढून टाकायला हवा, हे अशाच अनुभवांतून पटत गेलं असणार.

आपल्याकडे याच सुमारास काय चाललं होतं तेही डोळ्यांपुढे आणा. मार्च १७७५मध्ये रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिलला, लेक्सिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. जानेवारी १७७९मध्ये वडगावला कंपनीच्या फौजेनं शरणागती पत्करली तेव्हा अमेरिकेतलं युद्ध ऐन भरात होतं.

आम्ही पिढ्यानपिढ्या होड्या बांधतो. एका चित्रात पांढऱ्या झेंड्यावर हिरवं झाड पाहिलं, खाली काहीतरी देवाबद्दल लिहिलेलं. झेंड्यावर झाड कशासाठी?
— होडी बांधणारे वाचक, मालवण

हे झाड तुम्हाला लगेच कळेल, कारण ते डोलकाठीचं झाड आहे. न्यू इंग्लंडमधला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींतला, पांढरा पाइन सरळसोट वाढतो, दीडशे फुटांवर जातो. इंग्लंडच्या आरमाराला एवढी लांब, एका लाकडाची डोलकाठी आपल्या देशात मिळत नव्हती. म्हणून १६९१च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतच लिहून टाकलं: खासगी मालकीत न दिलेल्या जमिनीवरचं, २४ इंच किंवा त्याहून जास्त व्यासाचं झाड राजाचं. राजाची माणसं रानात फिरून अशा झाडांवर कुऱ्हाडीनं बाणाच्या टोकासारख्या तीन खुणा करत. ती खूण असलेलं झाड तोडलं की दंड. पुढे नियम आणखी कडक होत गेले.

लाकडावर पोट असलेल्या लोकांना हे किती झोंबलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिल १७७२मध्ये न्यू हॅम्पशरच्या विअर गावात, बेकायदा पाइनच्या प्रकरणी अटक करायला आलेल्या शेरीफला गावकऱ्यांनी पहाटे खाणावळीच्या खोलीत गाठलं. तोंडाला काळं फासलेलं, हातात छड्या. प्रत्येक जप्त झाडामागे एक फटका असा हिशेब करून त्याला झोडपलं. वर त्याच्या घोड्यांची आयाळ आणि शेपट्या कापून त्याला गावाबाहेर घालवलं. आठ जणांना प्रत्येकी २० शिलिंग दंड झाला. बॉस्टनच्या चहाच्या वीस महिने आधीची ही घटना आहे.

२० ऑक्टोबर १७७५ला वॉशिंग्टनचे सचिव कर्नल जोसेफ रीड यांनी पत्रातून सुचवलं: आपल्या गस्ती जहाजांना ओळखता येईल असं निशाण हवं. पांढरी जमीन, मध्ये झाड, आणि ‘अपील टू हेवन’, म्हणजे स्वर्गाच्या दरबारी दाद, हे शब्द. शब्दांमागे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा विचार आहे. राजाच अन्याय करू लागला आणि पृथ्वीवर न्याय देणारा कोणी उरला नाही, तर प्रजेनं देवाला साक्षी ठेवून शस्त्र उचलावं. डिसेंबरात यातलं ‘वॉशिंग्टन’ नावाचं जहाज इंग्रजांच्या हाती लागलं आणि त्याचं निशाण लंडनला गेलं. तिथल्या वर्तमानपत्रांत त्याचं वर्णन छापून आलं. राजाच्या कानापर्यंत गाऱ्हाणं पोचलं, असं म्हणायला हरकत नाही! एप्रिल १७७६मध्ये मॅसॅच्युसेट्सनं आपल्या आरमारासाठी हेच निशाण ठरवलं.

अमेरिकेतल्या मित्राच्या गाडीवर पिवळ्या रंगात वेटोळं घातलेला साप आणि खाली इंग्रजी धमकी, असं स्टिकर आहे. हे कोणत्या टोळीचं चिन्ह?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

टोळीचं नाही. तो गॅड्सडेनचा झेंडा, आणि ओळीचा अर्थ ‘माझ्यावर पाय देऊ नका’. साउथ कॅरोलायनाचे ख्रिस्तोफर गॅड्सडेन यांनी असं निशाण आरमारप्रमुख ईसेक हॉपकिन्सला दिलं. ९ फेब्रुवारी १७७६ला आपल्या प्रांताच्या सभेलाही दिलं. तिथे त्याचं वर्णन नोंदलेलं आहे.

साप त्याआधीचा. ९ मे १७५४ला बेंजामिन फ्रँकलिननं आपल्या वर्तमानपत्रात आठ तुकडे झालेल्या सापाचं चित्र छापलं: एक व्हा, नाहीतर मरा. तेव्हा भीती फ्रेंचांची होती, इंग्रजांची नव्हती. डोकं न्यू इंग्लंडचं, मग न्यूयॉर्क, न्यू जर्सी असं खाली उतरत शेपटीला साउथ कॅरोलायना. जॉर्जिया त्यात नाहीच. १७७५च्या डिसेंबरात फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात टोपणनावानं पत्र आलं. ते फ्रँकलिनचंच मानतात. लेखकानं नौसैनिकांच्या ढोलावर रंगवलेला खुळखुळ्या साप पाहिला होता. त्यावर तो लिहितो: हा साप फक्त अमेरिकेत सापडतो. त्याला पापण्या नाहीत, म्हणजे तो सदा सावध. आपण होऊन हल्ला करत नाही, आधी खुळखुळा वाजवून इशारा देतो, आणि एकदा भिडला की माघार नाही. चित्रातल्या खुळखुळ्याचे तेरा मणी एकमेकांना घट्ट धरून. एकटा मणी वाजत नाही. सापाचा असा अभ्यास करून लिहिलेलं राजकीय लेखन मी दुसरं वाचलेलं नाही.

गॅड्सडेननं दिलेला मूळ झेंडा उरलेला नाही. आज तुमच्या मित्राच्या गाडीवर तो आहे, तसाच अनेक राजकीय गटांच्या मोर्चांतही असतो. त्यामुळे अर्थ मित्रालाच विचारा.

न्यू इंग्लंडच्या काही जुन्या झेंड्यांचा कोपरा नुसताच पांढरा का?
— वाचक, वसई

क्रूस कापून टाकला म्हणून. १६३४मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावात जॉन एंडिकॉट यांच्या पुढाकारानं तिथल्या पलटणीच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस कापला गेला. चर्चमधले कॅथलिक रिवाज काढून टाकू पाहणाऱ्या कडव्या प्युरिटनांना तो पोपच्या पंथाचा अवशेष वाटे. राजाच्या निशाणाला कात्री म्हणजे राजद्रोह, त्यामुळे वसाहतीचे कारभारी हादरले. १६३५मध्ये एंडिकॉट यांना वर्षभर कोणतंही पद घ्यायला बंदी झाली. शिक्षा झाली, पण मत त्यांचंच पसरलं. तिथल्या पलटणींनी क्रूस सोडला आणि पुढची बरीच वर्षं कोपरा कोरा राहिला.

नावेत उभे असलेले वॉशिंग्टन, भोवती बर्फ आणि मागे ताऱ्यांचा झेंडा, हे चित्र आमच्या घरी कॅलेंडरवर होतं. तोच पहिला झेंडा ना?
— वाचक, ठाणे

चित्र इमॅन्युएल लॉइट्सा यांचं, १८५१चं. प्रसंग २५ डिसेंबर १७७६च्या रात्रीचा, डेलावेअर नदी ओलांडण्याचा. आणि चांदण्यांचा झेंडा काँग्रेसनं ठरवला १४ जून १७७७ला. त्या नावेत तो असू शकत नाही.

मुळात तो पायदळासाठी ठरवलेला नव्हताच. ठराव एका वाक्याचा आहे: तेरा पट्टे, एकाआड एक लाल आणि पांढरे, कोपऱ्यात निळ्या जमिनीवर तेरा पांढऱ्या चांदण्या, जणू नवं तारामंडळ. हा ठराव आला नौदलाच्या कामकाजात. चांदण्यांना टोकं किती, मांडणी वर्तुळात की ओळींत, याबद्दल एक अक्षर नाही. त्याच्या अकरा दिवस आधी काँग्रेससमोर एक अर्ज आला होता. थॉमस ग्रीन नावाच्या मूळ निवासी माणसानं आपल्या सरदारांसाठी अमेरिकेचा झेंडा मागितला होता, आणि खर्चापोटी शंखमण्यांच्या तीन माळा धाडल्या होत्या. मला हा अर्ज फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला या लोकांच्या मुलखातून सुखरूप जायचंय, तोच पहिल्यांदा विचारतो की तुमची खूण कोणती.

समुद्रावर तर खुणेवाचून भागतच नाही. झेंडा नाही तर तुम्ही चाचे. सप्टेंबर १७७९मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जॉन पॉल जोन्सनं ‘सेरापिस’ हे इंग्रज जहाज जिंकलं, पण त्याचं स्वतःचं ‘बोनॉम रिचर्ड’ झेंड्यासकट बुडालं. हे ‘रिचर्ड’ म्हणजे पूर्वी हिंदुस्थानच्या व्यापारात असलेलं फ्रेंच जहाज. जिंकलेलं ‘सेरापिस’ घेऊन तो हॉलंडच्या टेक्सेल बंदरात शिरला. इंग्रज वकिलानं तक्रार केली की हा अनोळखी निशाणाचा चाचा आहे, धरून द्या. मग डच अधिकाऱ्यांनी त्याच्या झेंड्याचं चित्र काढून नोंद केली. त्यात पट्टे लाल, पांढरे आणि निळेही आहेत आणि चांदण्या आठ टोकांच्या. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी फ्रँकलिन आणि जॉन अॅडम्स यांनी नेपल्सच्या राजदूताला आपल्या झेंड्याचं वर्णन लिहून दिलं, त्यातही निळे पट्टे होते! खुद्द वकिलांच्या डोळ्यांपुढे एकच नमुना नव्हता.

सैन्यात प्रत्येक पलटण आपलं रेशमी निशाण वापरी. १० मे १७७९ला युद्ध मंडळाच्या रिचर्ड पीटर्स यांनी वॉशिंग्टनला लिहिलं की राष्ट्राचं निशाण कोणतं हे अजून ठरलेलं नाही. अशी चार निशाणं इंग्रज सेनानी टार्लटननं १७७९-८०मध्ये लढाईत हस्तगत केली. ती त्याच्या घराण्यात दोनशेहून जास्त वर्षं राहिली आणि १४ जून २००६ला न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७४ लाख डॉलरना विकली गेली. कॅलेंडरवरचं चित्र जरूर जपा, पण त्या सैन्याचे खरे झेंडे डोळ्यांपुढे आणायचे तर ही निशाणं पाहा.

आमचे माग आहेत. झेंड्याचं कापड कोणतं, पन्हा किती, रंग कसला, शिवण कशी, हे कोणी सांगत नाही.
— यंत्रमागधारक, इचलकरंजी

तुमच्या पत्रानं मला सगळ्यात आनंद झाला. जहाजाच्या झेंड्याचं कापड लोकरी, विरळ विणीचं, हलकं. भिजलं तरी लवकर वाळतं आणि वाऱ्याच्या झुळकीला उचलतं. पलटणींचं निशाण रेशमी, त्यावर रंगकाम. सूत फार कमी. लाल रंग मंजिष्ठेचा किंवा किरमिजी किड्याचा, निळा निळीचा. शिवणीला तागासारख्या जवसाच्या धाग्याचा, म्हणजे लिननचा दोरा, सगळे टाके हाती.

पन्ह्याचं उत्तम उदाहरण काळानं थोडं पुढचं आहे, पण हात त्याच परंपरेतले. १८१३मध्ये बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यासाठी मेरी पिकर्सगिलनं ३० फूट बाय ४२ फुटांचा झेंडा शिवला. ही त्या रेबेका यंगची मुलगी. तेव्हा राज्यं वाढल्यामुळे पट्टे पंधरा, चांदण्या पंधरा. प्रत्येक पट्टा दोन फुटी हवा आणि इंग्लंडहून आलेल्या लोकरी कापडाचा पन्हा फक्त १८ इंच. म्हणजे गोधडीला जोड देतात तसा प्रत्येक पट्ट्याला जोड देत जायचं. घरात जागा पुरेना, तेव्हा शेजारच्या दारूभट्टीच्या जमिनीवर झेंडा पसरून बायका गुडघ्यांवर बसून शिवत राहिल्या. त्यांच्यात ग्रेस विशर नावाची १३ वर्षांची करारानं बांधलेली काळी मुलगीही होती. चांदण्या सुती. चांदणी एका बाजूनं शिवायची आणि मग उलट बाजूचं निळं कापड कापून कडा तुरपायची, म्हणजे एकच चांदणी दोन्हीकडून दिसते आणि वजन वाढत नाही. बिल झालं ४०५ डॉलर ९० सेंट.

१९१४मध्ये जतनासाठी त्याला मागून लिननचं अस्तर लावलं, सुमारे १७ लाख टाके घालून. पुढे तेच अस्तर झेंड्याला ओढू लागलं, म्हणून १९९८नंतर तो एकेक टाका उसवला. कापडाला आधार द्यायला घातलेला टाका शंभर वर्षांत कापडाचा वैरी होऊ शकतो, हे आमच्या कामात सतत मनात ठेवावं लागतं.

दोऱ्यावरून वयही कळतं. व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनच्या संग्रहालयात चांदण्यांच्या कमानीखाली ‘७६’ आकडा असलेला प्रसिद्ध झेंडा आहे. १७७७च्या लढाईतला म्हणून तो मिरवला गेला. त्याचं सूत तपासल्यावर तो नंतरच्या शतकातला ठरला.

मुलगी बॉस्टनला असते, सप्टेंबरात जातोय. खरेखुरे जुने झेंडे कुठे दिसतील?
— दांपत्य, नाशिक

बॉस्टनहून बेडफर्ड गाव अगदी जवळ आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात किरमिजी रेशमी कापडाचं छोटं निशाण आहे: ढगातून निघालेला चिलखती हात, हातात तलवार, आणि लॅटिनमध्ये ‘जिंका किंवा मरा’. १९ एप्रिल १७७५ला ते काँकर्डच्या पुलावर होतं असं गावात सांगतात, त्याला लेखी आधार नाही. तरी ते वसाहतकाळातलं अस्सल निशाण आहे आणि अमेरिकेतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक मानलं जातं. फिलाडेल्फियाला गेलात तर अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयात वॉशिंग्टनचं निळं निशाण विचारा, त्यावर सहा टोकांच्या तेरा चांदण्या आहेत. वॉशिंग्टन शहरात स्मिथसोनियनच्या इतिहास संग्रहालयात मेरी पिकर्सगिलचा झेंडा अंधाऱ्या दालनात ठेवलाय. पूर्वी लोक आठवण म्हणून तुकडे कापून नेत, त्यामुळे ४२ फुटांचे आता ३४च उरलेत आणि एक चांदणी नाही.

निघण्याआधी प्रत्येक ठिकाणी फोन करा. उजेडानं रेशीम तुटतं आणि रंग उडतो, म्हणून जुनी निशाणं अधूनमधून विश्रांतीला आत नेतात. फोटोला परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. आणि काचेशी वाकून कडेची तुरपाई नक्की पाहा.